कुंपणाच्या दोन्ही बाजूंना : पॉईंट रेजची एक पायवाट

इयरफोन लावून चालायला निघाला असाल तर उत्तम, कारण आजचा अख्खा भाग एका पायवाटेवर घडतो. आणि लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, तर निदान मनातल्या मनात थोडा समुद्राचा वारा खाऊन घ्या.

जागा कॅलिफोर्नियातली. सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला, गाडीने साधारण दोन तासांवर. नाव पॉईंट रेज नॅशनल सीशोर. स्पेलिंग वाचलं तर 'रेयेस' होतं, आणि मूळ स्पॅनिश उच्चारही त्याच्या जवळचाच, पण तिथले लोक सरळ 'रेज' म्हणतात. 6 जानेवारी 1603 ला, ख्रिस्ती लोकांच्या तीन राजांच्या सणादिवशी, सेबास्तियान विझकाइनो हा दर्यावर्दी या किनाऱ्यावरून गेला आणि त्याने या टोकाला 'राजांचं टोक' म्हटलं. राजे येशूच्या गोष्टीतले. इथे त्यांचा काहीच संबंध नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

बे एरियात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण शनिवार-रविवारी इकडे फिरायला जातात. कुणी दीपगृह बघायला, कुणी डबा घेऊन समुद्रावर. मी आज सांगणार आहे ती पायवाट या भूभागाच्या उत्तर टोकाची आहे, टोमॅलस पॉईंटची. जाऊन-येऊन साधारण पंधरा किलोमीटर. चढ फार नाही. मोबाईलला रेंज जवळजवळ नाही, आणि मला विचाराल तर हीच तिची सगळ्यात मोठी सोय आहे.

पण खरी गोष्ट पायवाटेच्या आधी, रस्त्यावरच सुरू होते. पिअर्स पॉईंट रोड नावाचा अरुंद, वळणावळणाचा रस्ता. दोन्ही बाजूंना उघडे माळ, आणि त्यावर गुरं असायची. मध्येच गोठा, दुधाची टाकी, वाऱ्याने एका बाजूला झुकलेली सायप्रसची झाडं. कडेला पाट्या : एल रँच, मग के रँच, मग जे रँच. इंग्रजी मुळाक्षरं उलटी म्हणत चाललोय असं वाटतं. तुम्ही म्हणाल, नॅशनल पार्कच्या हद्दीत दुभत्या गायी कशा? थांबा, तिथेच येतोय.

रस्ता संपतो तिथे पिअर्स पॉईंट रँच आहे. पांढरी रिकामी घरं, मोठा थोरला गोठा, आत दूध काढायच्या जागा. इथे आता कुणी राहत नाही, जपून ठेवलेली जागा आहे ती. इथून पायवाट सुरू होते आणि चित्र एकदम बदलतं. गायी नाहीत. डावीकडे पॅसिफिक महासागर, उजवीकडे टोमॅलसची लांबट खाडी, आणि मधल्या धारेवर धुकं. त्या धुक्यातून आधी शिंगं दिसतात. मग मान. मग पांढुरका मागचा भाग. तो टुली एल्क. हरणाच्याच कुळातला, आपल्या सांबराचा लांबचा भाऊ म्हणा. नर दोनशे किलोच्या आसपास भरतो, आणि तरी अमेरिकेतल्या एल्कच्या जातींमध्ये हा सगळ्यात लहान! 'टुली' म्हणजे दलदलीत वाढणारं उंच लव्हाळं. त्या लव्हाळ्यात राहायचा म्हणून हे नाव.

माघारी बघितलं तर लक्षात येतं की आपण मघाशी एक सीमा ओलांडली. समुद्रापासून खाडीपर्यंत आडवं गेलेलं, माणसापेक्षा उंच असं एक कुंपण इथे होतं. अनेक वर्षं ते हेच काम करत होतं : अलीकडे गुरं, पलीकडे एल्क. अलीकडे 'शेती', पलीकडे 'निसर्ग'. बघणाऱ्याला वाटतं, हे किती साधं आणि स्पष्ट आहे. आजचा भाग त्या कुंपणाबद्दल आहे. कारण या जागेचा इतिहास वाचत गेलं की ते कुंपण कुठे घालायचं हेच कळेनासं होतं.

सुरुवात करू सगळ्यात जुन्या रहिवाशांपासून. कोस्ट मिवॉक. हजारो वर्षं हे लोक इथे राहत होते. 'टोमॅलस' हे नावसुद्धा त्यांच्या भाषेतल्या 'तामाल' या शब्दावरून आलं. आपण जे गवताळ माळ बघून 'वा, काय अस्पर्श निसर्ग!' म्हणतो, ते माळ मोकळे राहिले याला एक कारण हे लोक होते. ते ठरावीक काळाने गवत जाळायचे. जाळलं की झुडपं मागे हटतात, कोवळं गवत येतं, गवतावर एल्क येतात, आणि एल्कमागे शिकारी. म्हणजे पहिला 'कुरण व्यवस्थापक' इथे गाय यायच्या कितीतरी आधी होता. 1817 मध्ये जवळच सॅन राफाएलचं मिशन उभं राहिलं, मिवॉक लोक तिथे नेले गेले, रोगराईने आणि सक्तीच्या जगण्याने त्यांची संख्या कोसळली, आणि माळ जाळणारे हात कमी झाले.

1821 मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला. कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोत होता, आणि नव्या सरकारने मोठमोठ्या जमिनी मर्जीतल्या लोकांना वाटल्या. या भागातल्या जमिनीही 1836 पासून अशाच वाटल्या गेल्या. त्या जमिनीला म्हणायचे 'रँचो'. आता गंमत ऐका. या रँचोंना कुंपणं नव्हती! लांब शिंगांची अर्धरानटी गुरं मोकाट हिंडायची, एकाची दुसऱ्याच्या हद्दीत जायची. मग ठरलेल्या वेळी सगळे मालक आणि घोडेस्वार जमून गुरं गोळा करायचे आणि डागाची खूण बघून आपापली वेगळी काढायचे. त्या जमण्याला म्हणायचे 'रोडिओ'. आज स्टेडियममध्ये तिकीट काढून बघतात तो रोडिओ मुळात असा गुरं निवडायचा धंदा होता.

आणि ही गुरं दुधासाठी नव्हती बरं का. मांसासाठीही फारशी नाही. कातडी आणि चरबी! अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून जहाजं यायची, कातडी भरून न्यायची, त्यांचे जोडे बनायचे. चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण. कातडी चलनासारखी चालायची, लोक तिला 'कॅलिफोर्नियाची नोट' म्हणायचे. एल्कच्या अंगावरही चरबी असते, म्हणून घोड्यावरून फास टाकून एल्कही मारले जायचे. म्हणजे त्या काळात गाय आणि एल्क यांच्यात मालकाच्या हिशेबाने फार फरक नव्हता. दोन्ही मोकाट, दोन्ही चरबीचे.

1848 ला सोनं सापडलं आणि सगळा खेळ बदलला. लाखो माणसं आली. त्यांना खायला लागत होतं. टुली एल्कची संख्या आधी पाच लाखांच्या घरात होती असा अंदाज सांगितला जातो. बंदूक आली, दलदली आटवून शेतं झाली, आणि वीस-पंचवीस वर्षांत एल्क दिसेनासे झाले. 1873 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने टुली एल्कच्या शिकारीवर बंदी घातली. पण बंदी घातली तेव्हा शिकार करायला एल्क उरलेत का, याचीच लोकांना शंका होती.

इकडे पॉईंट रेजवर मात्र भरभराट होती. आणि ती कशी आली हे ऐकून तुम्हाला आपल्याकडच्या कोर्टकचेऱ्या आठवतील. मेक्सिकोच्या काळातल्या जमिनींची मालकी अमेरिकन राज्यात वादात सापडली. दावे, प्रतिदावे. त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वकिलांच्या कंपनीने, शाफ्टर बंधू आणि त्यांचे भागीदार, खटला लढवला. निकाल लागता लागता 1857-58 च्या सुमारास जमीन कुणाची झाली? वकिलांची! पन्नास हजार एकरांहून जास्त. मांजरांच्या भांडणात लोणी माकडाला मिळतं ती गोष्ट आपल्याला शाळेत असते ना, इथे तर ती अक्षरशः खरी झाली, कारण पुढे या जमिनीतून निघालं ते लोणीच.

शाफ्टरांनी आणि त्यांच्या जावयाने, चार्ल्स वेब हॉवर्डने, जमिनीचे तुकडे पाडले आणि त्यांना नावं दिली ए, बी, सी, डी... झेडपर्यंत. मघाच्या पाट्या आठवल्या? एकेक रँच गायींसकट भाड्याने. भाडेकरू कोण? स्वित्झर्लंडच्या इटालियन बोलणाऱ्या भागातून आलेले, अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज, आयरिश. धुक्यामुळे इथे गवत जास्त महिने हिरवं राहायचं. दूध भरपूर, पण शीतपेट्या नाहीत, दूध शहरापर्यंत टिकणार कसं? मग लोणी. लोणी पिंपांत भरून छोट्या शिडाच्या जहाजांतून सॅन फ्रान्सिस्कोला. लोणी काढून उरलेलं दूध डुकरांना, आणि मग डुकरंही जहाजात. इथल्या लोण्याला एवढा भाव होता की त्याच्या शिक्क्याची नक्कल व्हायची असं सांगतात. टोमॅलस पॉईंटचा तुकडा तेवढा सॉलोमन पिअर्स नावाच्या माणसाने 1858 मध्ये विकत घेतला. आपण जिथून चालायला लागलो ती घरं त्याच्या रँचची.

इथे एक छोटं वळण घेतो, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. उजवीकडची टोमॅलस खाडी इतकी सरळ का आहे? कारण तिच्या खालून सॅन अँड्रियासची प्रसिद्ध भेग जाते. 1906 च्या भूकंपात खाडीच्या दक्षिण टोकाशी एक रस्ता तुटून जवळजवळ सहा मीटर बाजूला सरकला. आणि शाफ्टरांच्या रँचवर जमीन फाटून तिने एक गाय गिळली, फक्त शेपटी बाहेर राहिली, अशी बातमी झाली. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट नावाच्या नावाजलेल्या भूवैज्ञानिकानेही ती नोंदवली. पुढे वेगळीच हकीकत सांगितली जाऊ लागली : गाय आधीच मेली होती, पुरायची होती, आयता खड्डा मिळाला म्हणून तिथे लोटली, आणि मग चौकशी करत आलेल्या पत्रकारांना गोष्ट मीठमसाला लावून मिळाली. मला दुसरी हकीकत जास्त पटते. शेतकरी आहे तो, खड्डा फुकट कशाला घालवेल?

बरं, एल्ककडे परत. 1870 च्या दशकाच्या मध्यावर, इथून बरंच दूर, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण खोऱ्यात, ब्यूना व्हिस्टा तळ्याकाठच्या लव्हाळ्यात काही टुली एल्क जिवंत सापडले. किती? अगदी मोजके. एकच जोडी होती अशीही दंतकथा आहे. आणि ती जमीन कुणाची? हेन्री मिलरची. हा जर्मनीहून आलेला खाटीक. मूळ नाव हाइनरिश क्रायझर. हेन्री मिलर हे नाव त्याने जहाजाच्या तिकिटावरून घेतलं, तिकीट दुसऱ्याच्या नावाचं होतं म्हणून! सॅन फ्रान्सिस्कोत मांसाचा धंदा सुरू करून तो आणि त्याचा भागीदार चार्ल्स लक्स दहा लाखांहून जास्त एकरांचे मालक झाले. 'गुरांचा राजा' म्हणायचे त्याला.

आता नीट लक्ष द्या. त्या खोऱ्यातल्या दलदली आटवून शेतं करणाऱ्यांत मिलरची कंपनी आघाडीवर होती. म्हणजे एल्कचं घर मोडणाऱ्यांपैकी एक तोच. आणि एल्क सापडल्यावर त्यांना कुणी हात लावायचा नाही असा हुकूम सोडणाराही तोच. सरकारी अभयारण्य नाही, वन्यजीव संस्था नाही. एका खाटकाच्या खासगी रँचवर, गुरांच्या सोबतीने, ही जात वाचली. आज कॅलिफोर्नियात साडेपाच हजारांच्या वर टुली एल्क आहेत, आणि ते सगळे त्या मूठभर जनावरांचे वंशज.

मिलर काही संत नव्हता. कळप वाढून शंभराच्या वर गेला, त्याची पिकं तुडवायला लागला, कुंपणं मोडायला लागला, तेव्हा त्यानेच 'आता यांना घेऊन जा' म्हणून सांगितलं. 1904 मध्ये घोडेस्वारांनी फास टाकून एल्क पकडायचा प्रयत्न केला. फार वाईट झालं ते. घाबरलेली जनावरं झुंजली, काही मेली. मग पुढची सत्तर वर्षं या जातीची अशीच फरफट : इथे थोडे सोड, तिथे थोडे सोड, कुठे पाणी नाही, कुठे शेतकऱ्यांचा विरोध.

त्या काळात पॉईंट रेजवर दुसरंच संकट आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅन फ्रान्सिस्को फुगत चाललं होतं. समुद्राकाठी बंगल्यांचे प्लॉट पडायला लागले, जंगलतोड सुरू झाली. 13 सप्टेंबर 1962 ला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सही करून हा भाग नॅशनल सीशोर केला. रँचवाल्या कुटुंबांना त्यात सांभाळून घेतलं होतं. जमीन पुढे टप्प्याटप्प्याने सरकारने विकत घेतली, पण कुटुंबांनी ठरावीक वर्षं तिथेच राहून गुरं पाळायची, मग भाडेपट्ट्याने. बंगले झाले असते तर आज ही पायवाटच नसती. त्यामुळे 'गुरं नसती तर इथे निसर्ग असता' असं सरळसोट म्हणणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही. गुरं नसती तर बहुतेक इथे स्विमिंग पूल असते.

1978 मध्ये दहा टुली एल्क, दोन नर आणि आठ माद्या, पॉईंट रेजवर आणले. जागा कुठली निवडली? पिअर्स रँच. दुधाचा धंदा तिथे थांबला होता. 2,600 एकर जमीन, आणि शेजारच्या गायींपासून वेगळं ठेवायला आडवं उंच कुंपण. तेच आपलं कुंपण. शंभरेक वर्षांनी एल्क परतले ते असे, एका जुन्या गोठ्याच्या मागच्या अंगणात.

पायवाटेवर साधारण पाच किलोमीटर चाललं की खालच्या रँचची जागा लागते. घर नाही उरलेलं. निलगिरीची झाडं आहेत, एक तळं आहे. वाऱ्यापासून तेवढाच आडोसा. इथे बसून डबा खाताना समोरच्या उतारावर एल्क चरताना दिसतात, आणि ते तळ्याकडे का घुटमळतात हे पटकन लक्षात येत नाही. तर, तळी गुरांसाठी होती. या टोकावर पाणी फार नाही. 2012 ते 2014 च्या दुष्काळात कुंपणाआडच्या कळपातले जवळजवळ निम्मे, अडीचशे एल्क गेले. 2020 मध्ये पुन्हा दीडशेच्या वर. कुंपणापलीकडे, 1998 च्या सुमारास मोकळे सोडलेले दुसरे कळप मात्र टिकून वाढत होते. लोक चिडले. काहींनी पाण्याच्या टाक्या उचलून आत नेल्या. पाण्याइतकाच चाऱ्याचाही प्रश्न होता असं पार्कचं म्हणणं होतं. पण जनावराला स्थलांतर करायला वाटच नाही, हे दोन्ही बाजूंना नाकारता येत नव्हतं.

मग कोर्ट. (हो, पुन्हा वकील!) पार्कच्या 2021 च्या आराखड्यात रँचवाल्यांना वीस वर्षांचे भाडेपट्टे आणि मोकळ्या कळपातल्या काही एल्कना गोळी घालायची तरतूद होती. त्याविरुद्ध 2022 मध्ये पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेल्या. डिसेंबर 2024 मध्ये कुंपण काढायचा निर्णय झाला, काम सुरू झालं, आणि लगेच पशुपालकांच्या संघटनेने त्याविरुद्ध दावा लावला. आणि जानेवारी 2025 मध्ये मोठी बातमी आली : सीशोरमधल्या चौदापैकी बारा रँच पैसे घेऊन पंधरा महिन्यांत आपला धंदा बंद करणार. सहा दूधवाले, सहा मांसासाठी गुरं पाळणारे. पैसा नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेमार्फत उभा राहिला. दीडशे वर्षांहून जुनी दुधाची परंपरा एका तडजोडीच्या कागदावर संपली.

या बातम्यांत दोनच बाजू दिसतात, मालक आणि एल्क. पण रँचवर गायी पिळत होतं कोण? बहुतेक मेक्सिकोहून आलेली कुटुंबं. पहाटे उठणारी, रँचवरच्याच खोल्यांत राहणारी, मुलं जवळच्या शाळेत जाणारी. वाटाघाटीच्या टेबलावर ही माणसं नव्हती. रँच बंद म्हणजे काम गेलं आणि त्याच दिवशी घरही गेलं. सुमारे नव्वद माणसांचा प्रश्न होता, आणि आजूबाजूची घरं इतकी महाग की मरीन काउंटीला 2025 मध्ये निवाऱ्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. मला हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात ओळखीचा भाग वाटतो. मिशन आलं तेव्हा मिवॉक लोकांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे तेच मिवॉक लोक या रँचवर मजुरी करत होते, टोमॅलस खाडीच्या काठी विसाव्या शतकापर्यंत राहत होते, तेव्हाही जमिनीच्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या वंशजांना अमेरिकन सरकारने 2000 साली पुन्हा अधिकृत जमात म्हणून मान्यता दिली, आणि 2021 पासून त्या जमातीचा पार्कबरोबर या जमिनीची देखभाल मिळून करण्याचा करार आहे. मोकळ्या एल्कच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत ते होते.

आणि आता शेवटचा पेच. पिअर्स रँचवरच्या गायी गेल्या तेव्हा टोमॅलस पॉईंटवर झुडपं वाढायला लागली. चालताना दिसतं ते, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढं कायोटी ब्रश. एल्क ते फारसं आवरत नाहीत. गवत हवं तर काहीतरी करावं लागतं : जाळा, कापा, नाहीतर चरायला सोडा. त्यामुळे रिकाम्या झालेल्या रँचवर गवत राखायला नेचर कॉन्झर्व्हन्सीच्या योजनेत काय आहे, ओळखा. ठरावीक जागी, ठरावीक काळ, मोजून चरायला सोडलेली गुरं!

जायचं असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर जा. तो एल्कच्या माजाचा हंगाम. नरांचं ओरडणं ऐकू येतं, एवढ्या मोठ्या जनावराच्या गळ्यातून शिट्टीसारखा बारीक, चढत जाणारा आवाज. त्या काळात नर बेभान असतात, सेल्फीसाठी जवळ जाऊ नका, दुरूनच बघा. पाणी सोबत न्या, वाटेत प्यायचं पाणी नाही. जाड जॅकेट घ्या, कॅलिफोर्निया म्हणजे ऊन असं समजून टी-शर्टवर गेलात तर कुडकुडाल. खालच्या रँचच्या पुढे वाट रेताड होते आणि पाय रुततात, तिथे वेळ धरून चला. टोकाला पोचलात की समोर बोडेगा हेडचा कडा दिसतो, जर धुकं असलं तर काहीच दिसत नाही, फक्त खालून लाटांचा आवाज येतो.

चला, भेटू पुढच्या भागात.